टाकाऊ लाकूड, ऊन पाणी आणि उबदार घर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही उपयुक्त लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले. ट्रस्टच्या इतिहासावर आणि देणगीदारांवर लिहिणारे आमच्याहून अधिकारी लोक पुष्कळ आहेत. आम्ही पडलो शाळामास्तर. म्हणून सध्या कार्यकारी मंडळापुढे असलेला एक साधा प्रश्न आम्ही निवडला. आपल्या वसतिगृहातील मुलांना हिवाळ्यात आंघोळीला ऊन पाणी कसे द्यावे, हा तो प्रश्न होय. विजेचे हिटर बसवावेत असे काहींचे म्हणणे आहे. परदेशात लाकडाच्या ढलप्यांवर चालणाऱ्या बॉयलरांनी शाळाच्या शाळा उबदार ठेवतात, तसले यंत्र आणावे असे काही तरुण सभासद सुचवितात. हे यंत्र काय आहे, ते कसे चालते, आणि आपल्या आदिलाबादेत त्याचा कितपत उपयोग आहे, हे समजून घेण्याचा येथे प्रयत्न आहे.

दक्षिणेत थंडी कसली, असे बाहेरच्या माणसाला वाटते. परंतु आपला जिल्हा त्याला अपवाद आहे. भीमपूर मंडलातील अर्ली (टी) येथे पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची नोंद एकाहून अधिक हिवाळ्यांत झालेली आहे, आणि तेलंगणातील सर्वांत थंड ठिकाण म्हणून वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा आपल्याच गावांची नावे येतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे मुलगा नळाखाली उभा राहतो तेव्हा काय होते, हे वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही विचारावे. मुले आंघोळ चुकवितात, अंगाला खरूज होते, आणि फजरच्या वुजूला उठलेली म्हातारी माणसे हुडहुडी भरून परत अंथरुणात शिरतात. प्रश्न लहान दिसतो, पण तो दरसाल तीन महिने रोज सकाळी उभा राहतो.

प्रथम लाकूड जळते म्हणजे काय होते ते पाहू. लाकूड पेटले असे आपण म्हणतो, परंतु ज्वाला असते ती लाकडाची नसून वायूची. लाकूड तापले की आधी त्यातील पाणी वाफ होऊन निघून जाते. आणखी तापले की लाकडाचा फार मोठा भाग, कोरड्या वजनाच्या सुमारे चार-पंचमांश, वायुरूप होऊन बाहेर पडतो. हा वायू हवेशी मिसळून पेटतो, तीच ज्वाला. मागे राहतो तो कोळसा, आणि तो ज्वालेविना धगधगत जळतो. या वायूला पेटण्यास पुरेशी हवा, पुरेशी उष्णता आणि पुरेसा वेळ मिळाला नाही, तर तो न जळताच वर जातो. त्यालाच आपण धूर म्हणतो. धूर म्हणजे फुकट गेलेले सरपण. ज्या बाईचे डोळे चुलीपुढे चुरचुरतात, तिच्या डोळ्यांत तिचेच अर्धे सरपण जात असते.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. नुकतेच तोडलेले लाकूड निम्मे पाणीच असते. अशा एक किलो ओल्या लाकडातून हाती येणारी उष्णता सुमारे १,९०० किलोकॅलरी. तेच लाकूड सावलीत वाऱ्यावर वाळवून ओलावा पंधरा टक्क्यांवर आणला, तर एक किलोतून सुमारे ३,६०० किलोकॅलरी मिळते. म्हणजे वजनाने विकत घेतलेले ओले लाकूड निम्म्या किमतीचेच असते, आणि उरलेला निम्मा पैसा आपण पाण्याला देतो. वखारवाल्याला हे चांगले ठाऊक असते, आणि पावसाळ्यात लाकूड घेणाऱ्या गृहस्थाला बहुधा ठाऊक नसते.

आता बंब. आमच्या मते हे यंत्र मराठी घराची मोठी कमाई आहे, परंतु त्याची कोणी दखल घेत नाही. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, नळीच्या भोवती पाणी, बाजूला तोटी. वरून बंबफोड टाकावी, जाळीवर ती जळावी, ज्वाला नळीतून वर जाता जाता पाण्याला उष्णता देत जावी. चुलीवरच्या हंड्यात आग बाहेर असते आणि पाणी आत. बंबात आग आत असते आणि पाणी तिला चोहोंकडून वेढून असते. जुन्या आगगाडीच्या इंजिनातही हेच तत्त्व होते. बॉयलरच्या पोटातून नळ्या जात, नळ्यांतून आगीचे लोट जात, आणि नळ्यांभोवती पाणी असे. बंब हा शब्द पोर्तुगिजांच्या ‘बोंबा’वरून आला. त्याचा मूळ अर्थ पाणी ओढण्याचे यंत्र, म्हणूनच आग विझविणारी गाडीही आपल्याकडे बंबच. एकाच शब्दाने आग लावण्याचे आणि आग विझविण्याचे साधन सांगावे, ही आपल्या भाषेची गंमत आहे. उत्तर हिंदुस्थानात या भांड्याला हमाम म्हणतात. अरबी ‘हम्माम’ म्हणजे स्नानगृह, आणि त्याच धातूवरून ऊन पाण्याला ‘हमीम’ व तापाला ‘हुम्मा’ हे शब्द झाले आहेत.

हम्मामाचा विषय निघाला म्हणून काश्मीरकडे वळू, कारण लाकडावर इमारत उबदार करण्याचे उदाहरण आपल्या देशात शोधायचे तर ते तेथेच सापडते. काश्मीर खोऱ्यातील पुष्कळ मशिदींना लागून एक हम्मामाची खोली असते. तिची जमीन मोठमोठ्या दगडी फरशांची असून खाली पोकळी ठेवलेली असते. एका बाजूने त्या पोकळीत लाकडे पेटवितात. आगीच्या वर तांब्याची मोठी टाकी बसविलेली असते, तिच्यातील पाणी वुजूसाठी वापरतात. ज्वाला आणि ऊन धूर फरशांखालून फिरत फिरत भिंतीतील धुराड्याने वर जातात. दगड हळूहळू तापतो आणि हळूहळूच निवतो, त्यामुळे एकदा पेटविलेल्या आगीवर बाहेर बर्फ पडत असता नमाजी मंडळी पुष्कळ वेळ उबदार फरशीवर बसून राहतात. सोळाव्या शतकात मिर्झा हैदर दुघलातने तेथे हम्माम नेले, असे सांगितले जाते. प्राचीन रोमचे लोक आणि कोरियातील घरे यांतही फरशीखालून ऊब खेळविण्याची हीच युक्ती आढळते. यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. एक म्हणजे एकाच आगीकडून पाणी आणि खोली अशी दोन कामे करून घेतली आहेत. दुसरी म्हणजे उष्णता दगडात साठवून ठेवली आहे. आजच्या नव्या यंत्रांत यापलीकडे मूळ तत्त्वाची भर फारशी नाही. भर आहे ती सोयीची आणि शिस्तीची.

हे नवे यंत्र असे असते. एका कोठीत लाकडाच्या ढलप्या भरलेल्या असतात, सुपारीएवढ्या ते आगपेटीएवढ्या. कागजनगरच्या कागद गिरणीत बांबूचे आणि लाकडाचे तुकडे करणारी यंत्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ढलपी काय ते सांगावे लागणार नाही. कोठीच्या तळाशी मळसूत्र फिरत असते, पिठाच्या गिरणीत किंवा तेलघाण्यात असते तसे. ते ढलप्या हळूहळू ढकलीत जाळीवर आणते. जाळीखालून थोडी हवा येते, तिच्यावर कोळसा जळतो. वरच्या बाजूने पंख्याने दुसरी हवा सोडलेली असते, तिच्यावर लाकडातून निघालेला वायू जळतो. ही दुसरी हवाच चुलीत नसते, आणि चुलीच्या धुराचे मुख्य कारण तेच. धुराड्यात प्राणवायू किती उरला हे मोजणारे एक उपकरण असते. त्यावरून हवा किंवा ढलप्या कमीजास्त होतात. आगीभोवती विटांचे अस्तर असते, म्हणजे ज्वाला थंड पाण्याला टेकण्याआधी पुरती जळून घेते. मग ऊन वायू पाण्यातून गेलेल्या नळ्यांमधून फिरतात. पाणी एका मोठ्या, लोकर गुंडाळलेल्या टाकीत साठते आणि तेथून नळांनी खोल्याखोल्यांत जाते. चांगल्या यंत्रात लाकडातील उष्णतेचा तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनही अधिक भाग पाण्याला मिळतो.

स्वीडनमध्ये वेक्शो नावाचे एक शहर आहे. तेथील उष्णता-केंद्र १९८० साली तेलाऐवजी लाकडाच्या टाकाऊ भागावर चालू लागले, आणि १९९६ साली नगरपालिकेने खनिज इंधन सोडण्याचा ठराव केला. एका ठिकाणी आग आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी सबंध गावाला ऊन पाणी, अशी तेथील रचना आहे. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याची राजधानी माँटपेलिअर येथे २०१४ पासून ढलप्यांवर चालणारे असेच केंद्र विधिमंडळाचे भवन, नगरपालिकेच्या इमारती आणि शाळा यांना ऊब पुरविते. त्या राज्यातील इतरही अनेक शाळा ढलप्यांवर उबदार होतात. तेथे जंगल दाराशी आहे, लाकूड कापणाऱ्या गिरण्या पुष्कळ आहेत, आणि हिवाळा सहा महिन्यांचा आहे. या तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून हा व्यवहार तेथे जमतो.

परंतु सगळीकडे जमलाच असे नाही. उत्तर आयर्लंडची कथा ट्रस्टच्या हिशेबतपासनीसांनी तरी अवश्य वाचावी. तेथील सरकारने २०१२ च्या नोव्हेंबरात एक योजना काढली. जो व्यापारी किंवा शेतकरी तेलाचा बॉयलर सोडून लाकडाच्या गोळ्यांवर चालणारा बॉयलर बसवील, त्याला जितकी उष्णता निर्माण होईल तितके अनुदान मिळावयाचे. हेतू उत्तम होता. परंतु अनुदानाचा दर इंधनाच्या खर्चाहून जास्त ठेवला गेला. एक पौंडाचे इंधन जाळावे आणि सुमारे एक पौंड साठ पेन्स घ्यावेत. इंग्लंडमधील तशाच योजनेत ठरावीक मर्यादेनंतर दर उतरत असे. उत्तर आयर्लंडने योजना उचलली आणि मर्यादा मात्र गाळली. मग रिकाम्या गोदामांना ऊब देणारे बॉयलर रात्रंदिवस पेटू लागल्याच्या तक्रारी आल्या. ‘राख करा, रोख घ्या’ अशा अर्थाचे नाव या प्रकरणाला पडले. २०१६ च्या फेब्रुवारीत योजना नव्या लोकांसाठी बंद झाली. तिजोरीवरचा जादा बोजा वीस वर्षांत ४९ कोटी पौंडांपर्यंत जाईल असा त्या वेळचा अंदाज होता. २०१७ च्या जानेवारीत उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला आणि सरकार कोसळले. न्यायमूर्ती कॉगलिन यांच्या चौकशीचा अहवाल २०२० च्या मार्चमध्ये आला. बॉयलरांत काही दोष नव्हता. किती ऊब खरोखर पाहिजे, हा प्रश्न कोणी आधी विचारला नाही, इतकेच.

तो प्रश्न आपण विचारू. वसतिगृहात शंभर मुले धरू. प्रत्येकाला चाळीस अंशांचे पंधरा लिटर पाणी, म्हणजे एक बादली. एकूण दीड हजार लिटर. पहाटे टाकीतील पाणी पंधरा अंशांवर असते, तेव्हा ते पंचवीस अंशांनी तापवावयाचे. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी लागते, हे आठवीच्या मुलालाही येते. दीड हजाराला पंचवीसने गुणले की ३७,५०० किलोकॅलरी. वाळल्या लाकडाच्या एका किलोत ३,६०० किलोकॅलरी असतात. पण सगळी उष्णता पाण्याला मिळत नाही. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर शंभरातील दहा ते पंधरा भागच भांड्याला पोचतात. बारा धरले तर रोज ८७ किलो लाकूड लागेल. बऱ्या बंबात चाळीस भाग पोचतात असे धरले, तर २६ किलो. परदेशी ढलपी-बॉयलरात पंचाहत्तर धरले, तर १४ किलो. विजेवर गेलो तर एका युनिटात ८६० किलोकॅलरी, म्हणजे रोज किमान ४४ युनिटे.

हिवाळ्याचे नव्वद दिवस घेऊ. चुलीवर सुमारे आठ टन लाकूड जाते. बंबावर सव्वादोन टनांहून थोडे अधिक. मोठ्या यंत्रावर सव्वा टन. चूल सोडून बंबाकडे गेलो की साडेपाच टन वाचले. बंब सोडून मोठ्या यंत्राकडे गेलो की आणखी एक टनच वाचला. पहिल्या पायरीला काही हजार किंवा फार तर लाखाच्या आतबाहेर खर्च, आणि दुसऱ्या पायरीला कित्येक लाख. शिवाय आपल्याकडे खोल्या तापवावयाच्या नाहीत. दुपारी बारा वाजता जानेवारीतही आपण सावली शोधतो. स्वीडनमध्ये यंत्र वर्षातून सात-आठ महिने चालते, आपल्याकडे ते नव्वद सकाळी चालेल आणि उरलेले नऊ महिने त्यात उंदीर राहतील. यास्तव परदेशी ढलपी-बॉयलर आणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु त्यातील तत्त्वे घेऊन मोठा बंब बनवावा, हेही आमचे तितकेच स्पष्ट मत आहे.

तो असा बनविता येईल. साडेसातशे लिटरची एक टाकी घ्यावी. तिच्यातील पाणी पासष्ट अंशांपर्यंत तापविले आणि त्यात तितकेच थंड पाणी मिसळले, म्हणजे दीड हजार लिटर चाळीस अंशांचे पाणी होते. हिशेब तोच, ३७,५०० किलोकॅलरी. टाकीच्या पोटातून एकाऐवजी चार-पाच धूरनळ्या न्याव्यात. तळाशी विटांची भट्टी, लोखंडी जाळी, आणि जाळीच्या वरच्या बाजूस दुसऱ्या हवेसाठी भोके ठेवावीत. टाकीभोवती दुसरा पत्रा बसवून मधल्या जागेत काचेची लोकर भरावी, म्हणजे रात्री आठला पेटविलेली भट्टी दहाला विझली तरी पहाटे पाच वाजता पाणी ऊन राहील, आणि कोणा नोकराला तीन वाजता उठून धूर खात बसावे लागणार नाही. धुराडे छपराच्या वर चांगले उंच न्यावे. ऊन धूर हलका म्हणून वर चढतो आणि आपल्यामागे भट्टीत हवा ओढतो. धुराडे उंच तितकी ओढ जोराची. त्यातील काजळी महिन्यातून एकदा झाडावी, नाहीतर तीच एक दिवस पेट घेते.

टाकीच्या वर मात्र एक नळी सदैव उघडी असलीच पाहिजे, तिला कसलीही तोटी किंवा झाकण असू नये. वाफेला वाट मिळाली नाही की टाकी फुटते. आपल्या देशातील बॉयलरचा कायदा १९२३ चा होता, २०२५ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. दाबाखाली वाफ करणाऱ्या भांड्यांना तो लागू आहे, आणि शंभर अंशांच्या खाली पाणी तापविणारी भांडी त्यातून वगळलेली आहेत. पण ही सवलत उघड्या नळीच्या भरवशावर आहे, हे विसरू नये. पासष्ट अंशांचे पाणी मुलाच्या अंगावर पडले तर कातडी सोलून निघते, म्हणून न्हाणीघरात आधी थंड पाणी मिसळलेलेच आले पाहिजे. मुलांच्या हाती गरम पाण्याची तोटी देऊ नये. बोअरचे पाणी जड असेल तर टाकीच्या आत क्षारांचा थर बसतो, आणि तो थर उष्णतेला अडवितो. दरमहा टाकी उघडून तो खरवडता येईल एवढे तोंड टाकीला ठेवावे. हे तोंड ठेवावयाचे कारागीर हमखास विसरतो.

आता सरपण कोणते? येथे आदिलाबादचा मुद्दा खरा सुरू होतो. सागाच्या जंगलातून मोळ्या आणणे हे उत्तर नव्हे. जंगल आधीच झिजलेले आहे, आणि डोक्यावर मोळी घेऊन चार कोस चालणारी कोलाम किंवा गोंड बाई आपल्या मुलांच्या बादलीसाठी का झिजावी? आपल्या जिल्ह्यात दुसरे सरपण शेतात उभे असते, आणि आपण ते दरसाल बांधावर रचून काडी लावतो. कापसाची पऱ्हाटी. कापूस वेचून झाल्यावर हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. लाकडाइतकीच तिच्यात उष्णता असते. वर काढलेला बंबाचा हिशेब सव्वादोन टनांचा होता. म्हणजे शंभर मुलांची हिवाळाभराची आंघोळ एका हेक्टरच्या, आपल्या भाषेत अडीच एकरांच्या, पऱ्हाटीत भागते. सभासदांपैकी कित्येकांची पऱ्हाटी यापेक्षा जास्त जळून जाते. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसाच्या तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. पऱ्हाटीपासून फळ्या आणि दाबलेल्या इंधनाच्या कांड्या कशा कराव्यात, यावर तिने पुष्कळ काम केलेले आहे. या कांड्यांना बाजारात पांढरा कोळसा म्हणतात. २०२१ च्या केंद्रीय धोरणाप्रमाणे औष्णिक वीजकेंद्रांनीही कोळशात शेकडा पाच भाग अशा कांड्या मिसळावयाच्या आहेत, त्यामुळे पऱ्हाटीला भाव येण्याची चिन्हे आहेत. ज्याला ती विकता येत असेल त्याने खुशाल विकावी.

पऱ्हाटीची एक अडचण मात्र शहरी माणसाच्या ध्यानात येत नाही. गुलाबी बोंडअळी. २०१७ सालच्या हंगामात तिने महाराष्ट्रात आणि आपल्याकडे काय केले, हे शेतकऱ्यांना सांगावयास नको. ही अळी पऱ्हाटीला चिकटून राहिलेल्या किडक्या बोंडांत झोपून राहते, आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. म्हणून पऱ्हाटी घराजवळ किंवा शेताच्या कडेला रचून ठेवू नये, असे कृषिखाते वारंवार सांगते. आणि सरपण तर रचूनच ठेवावे लागते. हा तिढा सुटतो तो ढलप्यांनी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्हाटी उपटली की लगेच कुट्टी यंत्रात घालून तिचे तुकडे करावेत. बोंडे चिरडली जातात, अळी मरते. तुकडे एप्रिल-मेच्या उन्हात पसरून वाळवावेत. आपल्याकडे ऊन फुकट आणि भरपूर आहे. पावसाआधी पत्र्याखाली, खालून हवा खेळेल अशा जागी भरून ठेवावेत. ओले तुकडे ढिगात घातले तर आतून तापतात, बुरशी धरतात, क्वचित पेटही घेतात. पऱ्हाटीत राख लाकडापेक्षा जास्त, आणि ती राख फार तापली की वितळून जाळीवर काचेसारखे ढेकूळ धरते. म्हणून जाळी काढता-घालता येईल अशी असावी. पऱ्हाटीखेरीज तुराट्या आणि मक्याची कणसे हेही उत्तम सरपण आहे. भाताचा तूस मात्र आपल्या भट्टीत नको. त्यात शेकडा वीसच्या आसपास राखच असते.

आरागिरणीचा भुसा आणि फळ्यांची काटछाट हे दुसरे सरपण. भुशाची शेगडी आमच्या पिढीने आईच्या हाताखाली भरलेली आहे. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी करावी, भोवती भुसा ठासावा, बाटली हळूच ओढून घ्यावी, खालच्या भोकातून काडी लावावी. दोन-तीन तास निवांत. निर्मळच्या खेळण्यांसाठी कारागीर पोनिकी नावाचे हलके लाकूड कोरतात, त्याच्या कोऱ्या झिलप्याही चालतील. परंतु रंग लागलेल्या झिलप्या चालणार नाहीत. येथे आम्ही थोडे अधिक आग्रहाने लिहितो. टाकाऊ लाकूड म्हणजे कोणतेही टाकाऊ लाकूड नव्हे. रंगविलेल्या जुन्या चौकटी, प्लायवूड, सनमायका लावलेल्या फळ्या, वाळवीसाठी औषध पाजलेले खांब यांपैकी काहीही भट्टीत घालू नये. जुन्या रंगात शिसे असते, औषधी लाकडात तांबे, क्रोमियम आणि प्रसंगी सोमलही असतो, आणि सरस-डिंकातून निघणारा धूर विषारी असतो. तो मुलांच्या नाकात जातो आणि उरलेला राखेतून परसातल्या भाजीत. सेंट्रिंगच्या फळ्या तेल पिऊन आणि सिमेंट खाऊन बसलेल्या असतात, त्याही नकोत. दान म्हणून कोणी जुनी दारे-खिडक्या पाठविली तर ती घ्यावीत, विकावीत, आणि पैसे वाळल्या पऱ्हाटीला लावावेत.

घरी शेगडी वापरणाऱ्यांसाठी एक इशारा द्यावासा वाटतो. थंडीत खोलीचे दार-खिडकी लावून आत पेटती शेगडी किंवा निखाऱ्यांची घमेली ठेवून निजण्याची चाल अजून आहे. निखारा लाल दिसतो, धूर दिसत नाही, म्हणून निर्धास्त वाटते. पण अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या द्रव्याला प्राणवायू चिकटतो, त्याला हा वायू दोनशेहून अधिक पट जोराने चिकटतो. आधी डोके जड होते, मग झोप येते, आणि माणूस त्या झोपेतून उठत नाही. बाळंतिणीच्या खोलीत हा धोका सर्वांत मोठा, कारण तेथे वारा लागू नये म्हणून फटीसुद्धा बुजविलेल्या असतात. शेकावयाचे ते जागेपणी, दार उघडे ठेवून शेकावे आणि निजण्याआधी शेगडी बाहेर अंगणात न्यावी. ज्या घरात नवी सून आणि लहान मूल आहे, तेथे हा परिच्छेद कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा.

सौर बंबाचे काय, असे कोणी विचारील, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे हिवाळ्यात आकाश बहुधा निरभ्र असते. छपरावर नळ्या बसविल्या की पाणी बिनखर्चाने तापते. ट्रस्टजवळ पैसा असेल तर आधी सौर बंब घ्यावा आणि लाकडाची भट्टी त्याच्या जोडीला ठेवावी, असे आमचे मत आहे. ढगाळ सकाळी आणि ज्या दिवशी मुले जास्त असतील त्या दिवशी भट्टी पेटवावी. तेव्हा सरपण सव्वादोन टनांऐवजी अर्धा-पाऊण टनच लागेल. विजेच्या हिटराला आमचा विरोध नाही, पण पहाटे सहाला वीज गेली म्हणजे शंभर मुले टॉवेल खांद्यावर टाकून उभी राहतात. शिवाय ओल्या न्हाणीघरात तारा खेळवावयाच्या, तर जमिनीशी नीट जोडणी हवी आणि ती दरसाल तपासणारा माणूस हवा.

राहिली राख. नव्वद दिवसांत सव्वादोन टन पऱ्हाटी जळली तर सुमारे एक क्विंटल राख निघेल. तिच्यात पोटॅश आणि चुना भरपूर असतो. स्वीडनमध्ये लाकडाची राख परत जंगलात नेऊन टाकतात, आपण ती पऱ्हाटी देणाऱ्याच्या शेतात परत टाकावी. चाळून, खिळे-चुका चुंबकाने काढून, आणि पुरती निवल्यावरच पोत्यात भरावी. निवली असे वाटलेल्या राखेत दोन दिवस निखारा जिवंत राहतो, म्हणून ती आधी लोखंडी पिंपात झाकून ठेवावी आणि ते पिंप सरपणाच्या पत्र्यापासून निदान वीस पावले दूर असावे.